कार्बाइनचा ब्रेक आणि बाबांचा उजवा कान

माझ्या साउथहॅम्प्टनच्या घरातलं उदबत्तीचं घर पाहून पाहुणे हटकून विचारतात, "हे कुठून आणलंस गं? काय वेगळंच आहे!" आहेच वेगळं. काळं पोलादी नळकांडं, अंगठ्याएवढं जाड, दोन्ही बाजूंना आडव्या खाचा. उदबत्ती आत उभी केली की धूर त्या खाचांतून दोन्हीकडे निघतो. मी सांगते, बंदुकीच्या तोंडावर बसवायचं असतं ते, मझल ब्रेक म्हणतात त्याला. मग सगळे हसतात. त्यांना वाटतं, ही बाई नागपूरची, काहीही ठोकून देते.

ठोकून देत नाही. विकत आणलेला आहे, माझ्या स्वतःच्या कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड रायफलीसाठी, आणि आयुष्यात एकदाच वापरलेला आहे.

बाबा फौजेत सुभेदार होते. निवृत्त होऊन नागपूरला आले आणि कॉलेजातल्या खाकी घालणाऱ्या पोरापोरींना नेमबाजी शिकवायला लागले. त्या पोरींत मीही होते. घरी बाबा, मैदानावर सर, आणि ओरडा दोन्हीकडे सारखाच. कामठीच्या रेंजवर इतर मुलींना "शाबास" मिळायचं, मला फार तर "ठीक आहे". त्या एका "ठीक आहे"वर मी आठवडाभर हवेत असायचे. गोळीबार झाला की सगळ्यांच्या कानांत घुंई व्हायची, कोणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून बाबांनी हाताच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. डावीकडे गेली तर डावा हात बाहेर, उजवीकडे गेली तर उजवा. आणि अगदी मधोमध लागली तर उजवा हात वर करून हवेत गोल फिरवायचा. ही गोल खूण मला फार कमी वेळा मिळाली, पण जेव्हा मिळाली तेव्हाचं ऊनसुद्धा मला आठवतं.

त्यांच्या उमेदीच्या काळात कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे जवान हसायचे. बाबांनी जन्मभर कापूस घातला नाही. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीकडे येतो, तेव्हा पहिला गेला तो डावा. मी कॉलेजात होते तेव्हाच तो पार बंद झाला होता. उजवा राहिला. आई चिडली की मुद्दाम डाव्या बाजूला उभी राहून बोलायची, आणि बाबा शांतपणे पेपर वाचायचे. दोघांचंही समाधान!

लग्न होऊन मी इकडे आले. नवरा इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, दिवसरात्र ड्यूटी. मला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागेपर्यंत घर खायला उठायचं. त्या दिवसांत लायब्ररीच्या बोर्डावर एका रायफल क्लबाची चिठ्ठी दिसली आणि मी सरळ जाऊन दार ठोठावलं. कुडत्यातली बाई पाहून तिथले म्हातारे जरा चरकले. पहिल्या दहा गोळ्या झाल्यावर त्यांनीच चहा आणून दिला. पुढे रीतसर परवाने, पोलिसांची घरभेट, भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट, सगळं झालं आणि मी एक आखूड नळीची, लिव्हर ओढून चालवायची कार्बाइन घेतली. याहून फार आखूड इथल्या कायद्यात बसत नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर इतके खूश झाले की दादाला हाक मारून मारून सांगत होते. दादा म्हणजे माझा भाऊ, बाबा त्याच्याकडेच राहायचे.

फोन रविवारी. तेव्हा फोनकार्डं मिळायची, नाणं घासून नंबर काढायचा आणि भलामोठा आकडा दाबत बसायचं. आई गेल्यापासून मी एकही रविवार चुकवला नव्हता. दादा सांगायचा, बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळच्या खुर्चीत बसून राहतात, कोणाला फोनला हात लावू देत नाहीत. घंटी वाजली की रिसीव्हर उजव्या कानाला आणि परेडचा आवाज, "हां, बोल!" बोलणं काय तर, भाजी कुठली केली, तिकडे पाऊस आहे का, जावईबापू वेळेवर जेवतात का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "किती लागल्या?" मी सांगायचे. "ठीक आहे," बाबा म्हणायचे. मी फोन ठेवून थोडं रडायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

मग त्यांची बायपास झाली. दादाने निभावलं सगळं. जखम भरली, छातीचं कापलेलं हाड जुळलं, फिरायला परवानगी मिळाली, तेव्हा मी हट्टाने त्यांना उन्हाळ्यासाठी इकडे आणलं. विमानतळावर पाहिलं तर माणूस अर्धा झाला होता. पण त्याहून मला लागलं ते त्यांचं चालणं, सारखी कोणाची तरी परवानगी मागत असल्यासारखं.

"सगळ्यांनी मिळून मला लोणच्याची बरणी करून टाकलं," एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले. "सून हातातला तांब्या काढून घेते. तुझा दादा बुटाची नाडी बांधून देतो. अन् तू? तूही तेच करून राहिली."

मी त्याच क्षणी त्यांच्या कपाखाली बशी धरली होती. मी बशी खाली ठेवली.

"मग काय करायचंय तुम्हाला, बाबा?"

"एकदा गोळी मारायची आहे," ते म्हणाले. "एकच. हात माझा आहे का अजून, ते पाहायचं आहे."

आमच्या क्लबात वर्षातून काही दिवस पाहुण्यांना आणता यायचं. कोणी जाणकार शेजारी उभा राहिला की पाहुणा गोळी झाडू शकायचा. म्हणजे परवानगीची अडचण नव्हती. अडचण छातीची होती. लांब, जड रायफल त्यांच्याने पेलली नसती. माझी कार्बाइन हलकी, ती पेलली असती, पण बंदूक जितकी हलकी तितकी ती खांद्याला जास्त लाथ मारते. नवऱ्याला विचारलं तर त्याने आधी कपाळावर हात मारला.

"तुम्ही बापलेक वेडे आहात," तो म्हणाला. "पॉइंट टू-टूची छोटी रायफल मारू दे की त्यांना. काही धक्काच नाही."

"ती पोराटोरांची," आतून बाबा ओरडले. एका कानाने बरं ऐकू येतं या माणसाला!

दोन दिवस घरात अबोला. शेवटी नवराच नमला. "धक्का खरंच कमी करता येत असेल तर एक-दोन गोळ्या. मी शेजारी उभा राहणार. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं, सुभेदार असोत नाहीतर जनरल."

म्हणून मी न्यू फॉरेस्टच्या बाजूला एका शेतामागे असलेल्या बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदार साठीचा, लोकरीच्या स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. माझ्या कार्बाइनच्या तोंडाला आधीच्या मालकाने आटे पाडून घेतलेले होते, म्हणजे जे काही घ्यायचं ते नुसतं फिरवून बसवता येणार होतं. त्याने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि तीन नग मांडले. आमच्याकडे सराफ पाटल्या मांडतो, तितक्या आदबीने.

पहिला कॉम्पेन्सेटर. त्याला वरच्या बाजूने भोकं. गोळीमागचा वायू वर निघतो आणि नळीचं तोंड खाली दाबून धरतो. भराभर गोळ्या मारणाऱ्याला चांगला, पण खांद्याला त्याचा उपयोग थोडाच. दुसरा बारीक छिद्रांचा ब्रेक, तो बरा. तिसरा मोठ्या खाचांचा ब्रेक. वायू दोन्ही बाजूंना आणि थोडा मागे फेकतो, आणि त्याच जोराने बंदुकीला पुढे ओढून धरतो. मला लगेच कळलं. कुकरची वाफ भोक असेल तिकडूनच जायची.

"कोणासाठी हवाय?" त्याने विचारलं.

"वडिलांसाठी. हार्टचं ऑपरेशन झालंय."

त्याने मोठ्या खाचांचा ब्रेक पुढे सरकवला. "मग हाच. धक्का निम्म्यावर येईल. पण शेजारचे लोक तुम्हाला शिव्या घालतील. नळी आखूड, त्यात हा. आवाज सगळा बाजूला येतो." मग म्हणाला, खरं तर मॉडरेटर, म्हणजे सायलेन्सर घ्या, धक्काही कमी आणि आवाजही कमी. पण मॉडरेटर परवान्यावर चढवून घ्यावा लागतो, पोलिसांकडे अर्ज, आणि तो कधी येईल ते त्यांनाच ठाऊक. बाबांचं परतीचं तिकीट तर फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं. मी अर्ज केला, आणि ब्रेकही घेतला. शेजाऱ्यांच्या शिव्या खायला मी तयार होते. त्या वेळी डोक्यात एकच होतं, छाती.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. बाबा ब्लेझर, टाय, चकाकते बूट घालून जिना उतरले. बाहेर वारा सुटला होता, इथला उन्हाळा तो तसाच. मीच त्यांना लोकरीची कानटोपी चढवली. "हवा लागेल बाबा, मुकाट्याने घाला." नवऱ्याने वरून मफलर गुंडाळला. क्लबातले लोक भोकं पडलेल्या जर्सीत, आणि हे असे! रेंज ऑफिसर, रिटायर झालेला बस ड्रायव्हर, ताडकन सरळ उभा राहिला आणि "सर" म्हणाला. बाबांची छाती तेव्हा जी फुगली, ती बघून मला वाटलं, बायपास नागपूरला झाली पण बरे इथे झाले.

आमच्या क्लबात रिवाज होता. ब्रेक लावलेला असेल त्याने मोठ्याने तसं सांगायचं आणि नेमबाजांच्या रांगेतल्या टोकाच्या खणात, भिंतीकडेला जायचं, म्हणजे त्रास एकाच शेजाऱ्याला. वर पत्रा, उजव्या हाताला विटांची भिंत. रेंज ऑफिसरने सगळ्यांना कानांवर आवाज अडवणारे मफ चढवायला लावले. बाबांनी कानटोपीवरूनच चढवले. नवरा डॉक्टर, मी नेमबाज, बाबा सुभेदार, कोणाच्याही डोक्यात आलं नाही की लोकरीवर मफ बसत नाही, फट राहते, आणि भिंतीवर आपटलेला आवाज तिथूनच आत शिरतो. थंडी नको लागायला, एवढंच आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

पहिली गोळी मी मारायची ठरली होती, धक्का किती ते बघायला. बाबा माझ्या उजव्या हाताला, भिंतीजवळ उभे. मी श्वास धरला, चाप ओढला.

अहाहा, काय सांगू! खांद्याला कोणी तरी हलकेच हात लावावा तेवढंच. मी आनंदाने वळले. "बाबा, काहीच नाही हो! तुम्ही आरामात मारू शकाल!"

बाबा भिंतीला टेकले होते. मफ खाली पडलेले, तळहात उजव्या कानावर दाबलेला. आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"बाबा?"

ते नुसते बघत राहिले. नवऱ्याने कानटोपी उपटली, कानाजवळ टिचकी वाजवली. काही नाही. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि देवा, माझं काय वाटेल ते कर, पण एवढा कान परत दे, असं मनातल्या मनात ओरडत त्यांचा हात धरून बसले. बाबा खूप मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं म्हणाले, "घंटी वाजून राहिली. फक्त घंटी."

रेंज ऑफिसरने चहा आणला. तो थंड झाला. दुसऱ्यांदा आणला, तेव्हा त्या भल्या माणसाने कपात साखर घालून चमचा फिरवला आणि बाबांनी मान वळवली.

"चमचा," बाबा म्हणाले.

मी तिथेच ढसाढसा रडले. रेंज ऑफिसर बिचारा घाबरून दुसरा चमचा आणायला धावला.

हळूहळू सगळं परत आलं. नवऱ्याने पुन्हा पुन्हा पाहिलं, हळू बोलून, मागून बोलून. मग तो चक्क स्वतःच म्हणाला, "बाबा, आता कानटोपी नको, आत बोळे, वर मफ, आणि खण मधला घेऊ, भिंतीपासून लांब. धोका जवळजवळ नाही. तुमची गोळी राहिलीय." रेंज ऑफिसरही मधला खण रिकामा करून उभा. सगळे थांबले होते. या एका गोळीसाठी हा माणूस घरभर दोन दिवस रुसला होता.

बाबांनी कार्बाइन मागितली. आधी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, आम्हाला शिकवली होती तशीच. खांद्याला लावली. नळी सरळ, हात जराही हलला नाही. मी पाहिलं, नवऱ्याने पाहिलं, त्यांनी स्वतःही पाहिलं. मग बंदूक खाली घेतली, ब्रेक आटे फिरवत फिरवत काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तू मार," ते म्हणाले. "मी मागं बसतो."

"का पण, बाबा? आता काही होणार नाही म्हणतोय ना तो!"

"जवळजवळ म्हणते तुझा डॉक्टर. छातीचं ठीक आहे पोरी, दुखली तर दुखली. पण हा कान गेला तर रविवारी तुझा फोन काय छातीनं ऐकू?"

नवरा दुसरीकडे बघायला लागला. मोठ्या खाचांचा की बारीक छिद्रांचा, याचा मी इतका खल केला होता, आणि कान कोणासाठी राखलाय ते मला ठाऊकच नव्हतं.

ते पार मागे, गवतावर खुर्ची टाकून बसले. कानांत बोळे, वर मफ, डोळ्याला क्लबाची दुर्बीण. ब्रेक काढल्यावर कार्बाइनने मला दणकून लाथा घातल्या, पण प्रत्येक गोळीनंतर मी मागे वळून बघायचे आणि बाबा खूण करायचे. डावा हात. डावा हात. उजवा. आणि एकदा, एकदाच, उजवा हात वर करून हवेत गोल. मी सतरा वर्षांची झाले आणि परत मोठी झाले.

मॉडरेटरची परवानगी आली ती बाबा नागपूरला पोचल्यावर. मी रविवारी सांगितलं. "आता धक्का नाही, आवाज नाही. पुढच्या उन्हाळ्यात या, बाबा."

"येतो नं. काहून नाही येणार?"

नाही आले. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी विमान नको म्हटलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. पण रविवार चालू राहिले. इस्त्रीचा शर्ट, खुर्ची, "हां, बोल!" भाजी, पाऊस, जावईबापू, किती लागल्या. ब्रेक काही दिवस टूलबॉक्समध्ये पडून होता, मग मी घासूनपुसून देवघरात ठेवला. कार्बाइनही नंतर विकली. त्या रविवारांची आठवण आली की अजून वाटतं, घासून टाकायला एक फोनकार्ड असावं हातात.

दादाचा फोन आला तो दिवस रविवार नव्हता. बाबांना पुन्हा हॉस्पिटलात ठेवलं होतं, तोंडात नळी, बोलणं बंद. माझं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. तोवर मोबाइल आले होते. दादा म्हणाला, "लावतो त्यांच्या कानाला, तू बोल."

"कुठल्या कानाला लावतोयस?" मी ओरडले.

"उजव्या. मला काय माहीत नाही?"

एवढं बोलायचं होतं पण मी सवयीने सुरू केलं. बाबा, आज मेथी केली. इकडे पाऊस आहे. जावईबापू जेवले. क्लबात गेले होते, चांगल्या लागल्या. पलीकडून "ठीक आहे" येणार नव्हतं, तरी मी थांबले.

मग दादाचा आवाज आला. "अगं, हात वर करून राहिले. उजवा. हवेत गोल गोल फिरवून राहिले. काय पाहिजे ते कळत नाही आम्हाला. नर्सला बोलावू का?"

"नको," मी म्हटलं. "फोन तसाच धर. मी बोलतेय त्यांच्याशी."